मावशीचा पगार आणि बाळाची वाढ

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

कोरियन सिरियल बघणाऱ्यांना ‘इमो’ हा शब्द ओळखीचा असेल. इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. पण कोरियात खाणावळीत वाढणाऱ्या बाईलाही ‘इमो’ अशी हाक मारतात, आणि घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या बाईला जरा आदराने ‘इमोनिम’ म्हणतात. आपल्याकडे ‘मावशी’ या शब्दाचं जे झालंय तेच. हाक गोड मारायची, नातं जोडायचं, आणि पगाराचा विषय निघाला की इकडेतिकडे बघायचं.

दक्षिण कोरियाचा जननदर 2023 साली 0.72 वर आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर तो 2.1 च्या आसपास लागतो. 2024 मध्ये थोडा वाढून 0.75 झाला तर तिथे केवढा दिलासा वाटला! हे आकडे आपल्याकडेही बातम्यांत येतात, आणि मथळा ठरलेला असतो: कोरियन मुली लग्न का करत नाहीत, मुलं का होऊ देत नाहीत. मला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. जी मुलं जन्माला येतात त्यांना दिवसभर सांभाळतं कोण? आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाचं कसं चाललंय?

आधी श्रेय द्यायला हवं तिथे देऊ. कोरियन सरकारने हात आखडता घेतला असं कुणी म्हणू शकणार नाही. 2013 पासून 0 ते 5 वयाच्या सगळ्या मुलांना उत्पन्नाची अट न लावता पाळणाघराची फी सरकार देतं. 2024 पासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आईबापांना महिना 10 लाख वॉन मिळतात, म्हणजे साधारण 60 हजार रुपये. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे. 3 ते 5 वयासाठी ‘नूरी’ नावाचा एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, आणि 2019 च्या सुधारणेत तर त्याचा सगळा भर खेळण्यावर आणला. कागदावर बघाल तर हेवा वाटेल.

आता कागद बाजूला ठेवून खोलीत जाऊ.

तिथे पाळणाघराला ‘ओरिनीजिप’ म्हणतात, शब्दशः ‘मुलांचं घर’. नियम असा आहे की वर्षाच्या आतली 3 बाळं एका शिक्षिकेकडे. 1 वर्षाची 5, 2 वर्षांची 7. मूल 3 वर्षांचं झालं की हा आकडा एकदम 15 होतो, आणि 4 च्या पुढे 20. तीन तान्ही बाळं एकटीने सांभाळणं म्हणजे काय ते ज्या घरात जुळी झाली त्यांना विचारा. एकाला भरवताना दुसरं रडतं, दुसऱ्याचं लंगोट बदलताना तिसरं भिंतीला धरून उभं राहतं. आणि 7 वरून थेट 15? मूल तेच, फक्त वाढदिवस झाला!

2018 मध्ये कामगार कायदा बदलला आणि या शिक्षिकांनाही 8 तासांच्या कामात 1 तास विश्रांती देणं बंधनकारक झालं. चांगलंच झालं की! पण ती घ्यायची कधी? मुलं झोपतात तेव्हा. मग झोपलेल्या मुलांकडे बघायचं कुणी? अनेक ठिकाणी ती विश्रांती नोंदवहीतच राहिली, अशी शिक्षिकांची तक्रार आहे.

बरं, पगार. खासगी आणि फ्लॅटमध्ये चालणाऱ्या छोट्या पाळणाघरांतल्या बहुतेक शिक्षिकांचा पगार किमान वेतनाच्या आसपासच फिरतो. शिवाय पाळणाघराला मिळणारं सरकारी अनुदान मुख्यतः पटावर अवलंबून. म्हणजे जन्म घटले की पट घटतो, दोन वर्ग एकत्र होतात, आणि एका बाईची नोकरी जाते. 2013 मध्ये कोरियात 43 हजारांवर पाळणाघरं होती. 2023 संपताना ती 29 हजारांच्या खाली आली. सगळ्यात जास्त बंद पडली ती फ्लॅटमधली, अगदी लहान बाळांची. काही बालवाड्यांच्या जागी आज वृद्धांची केंद्रं चालतात. आणि गंमत बघा, चांगल्या सरकारी पाळणाघरांपुढची प्रतीक्षायादी मात्र लांबच लांब.

आता जरा अवघड मुद्दा. जानेवारी 2015. इंचन शहरातल्या एका पाळणाघरात 4 वर्षांच्या मुलीने ताटात किमची टाकली म्हणून शिक्षिकेने तिला इतक्या जोरात मारलं की ती पोर खाली कोसळली. कॅमेऱ्यातलं ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षी प्रत्येक पाळणाघरात सीसीटीव्ही सक्तीचा झाला, चित्रण 60 दिवस जपून ठेवायचं.

कॅमेरा नको असं मी म्हणणार नाही. ज्याचं मूल अजून बोलत नाही त्या आईबापाला दुसरा आधार काय? पण कॅमेरा मारहाण झाल्यावर पुरावा देतो. दमलेल्या बाईच्या मदतीला दुसरी बाई तो पाठवू शकत नाही. त्या प्रकरणातल्या शिक्षिकेला शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. मात्र वर दिलेलं प्रमाण, 15 आणि 20 चं, त्या कायद्याने तसंच ठेवलं. संशयावर खर्च झाला, माणसांवर व्हायचा राहिला. आणि याचा परिणाम असाही होतो की प्रामाणिक शिक्षिका मुलाला जवळ घेतानाही बिचकते. हे चित्रात कसं दिसेल?

लहान मुलाच्या वाढीबद्दल जे काही संशोधन आहे त्याचं सार आपल्या आज्यांना माहीत होतं. बाळ ‘अं’ म्हणालं की कुणीतरी वळून ‘काय गं?’ म्हणायला लागतं. दिवसातून शेकडो वेळा. यातून भाषा येते, भरवसा येतो. त्यासाठी लागतो तोच ओळखीचा चेहरा आणि त्या चेहऱ्यामागे थोडी शिल्लक असलेली ताकद. शिक्षिका दर वर्षी सोडून जात असेल तर अभ्यासक्रम कितीही सुंदर असो, बाळाच्या दृष्टीने दर वर्षी एक माणूस नाहीसं होतं.

मग पैसा जातो कुठे? आईबापांचा पैसा कुठे जातो ते पाहा. कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाने 2024 मध्ये पाहणी केली. 6 वर्षांखालच्या मुलांपैकी 47.6 टक्के मुलं कसल्या ना कसल्या खासगी शिकवणीला जात होती. 5 वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर! ‘इंग्लिश किंडरगार्टन’ म्हणून जे चालतं (कायद्याने ते शिकवणी वर्गच) त्याचा सरासरी महिन्याचा खर्च 15 लाख 45 हजार वॉन. त्या वर्षीचं पूर्णवेळ कामाचं किमान मासिक वेतन होतं साधारण 20 लाख 60 हजार. म्हणजे बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या महिनाभराच्या कमाईतला पाऊण हिस्सा एका मुलाच्या इंग्रजीला. या वर्गांच्या प्रवेशासाठी चिमुरड्यांच्या परीक्षा होतात, त्यांना लोक ‘4 वर्षांची परीक्षा’, ‘7 वर्षांची परीक्षा’ म्हणतात. ही वयं जुन्या कोरियन पद्धतीने मोजलेली, प्रत्यक्षात मूल वर्ष-दीड वर्षाने लहानच.

ज्यांना हे परवडत नाही त्यांच्याकडे आजी असते. कोरियन भाषेत याला चक्क ‘सांजवेळचं बालसंगोपन’ अशा अर्थाचा शब्द आहे. 2023 पासून सोल महापालिका नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी महिना 3 लाख वॉन देते. आजीच्या कामाला किंमत आहे हे निदान मान्य तरी झालं.

आणि शेवटी परदेशातली मावशी. सप्टेंबर 2024 मध्ये सोलमध्ये 100 फिलिपिनो महिला घरोघरी बाळं सांभाळायला लागल्या. प्रशिक्षित, प्रमाणपत्रं असलेल्या. त्या येण्याआधीपासून वाद कशावर? त्यांना किमान वेतनापेक्षा कमी देता येईल का, यावर! सोलचे महापौर ओ से-हून यांचं म्हणणं होतं की किमान वेतन दिलं तर सामान्य घरांना हे परवडणार नाही. शेवटी किमान वेतनच द्यावं लागलं, पूर्णवेळेचे महिना 23 लाख 80 हजार वॉन घराला मोजावे लागले, आणि अर्जांमध्ये गंगनमसारख्या श्रीमंत भागांचा वाटा मोठा निघाला.

महापौरांचं गणित चुकीचं नव्हतं. एका घराने एकट्याने एका माणसाचा पूर्ण पगार भरायचा म्हटलं तर मध्यमवर्गाला परवडत नाहीच. पण त्यावर उपाय ‘अजून स्वस्त बाई शोधा’ हा नाही. जे एकेका घराला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं असतं, शाळा आणि दवाखाने आपण तसेच उभे केले.

कोरियाला हे अजिबात कळलं नाही असंही नाही. जून 2024 मध्ये पाळणाघरांचा कारभार आरोग्य मंत्रालयाकडून शिक्षण मंत्रालयाकडे आला. पाळणाघर आणि बालवाडी एक करायची, तान्ह्या बाळांसाठी 3 ऐवजी 2 चं प्रमाण आणायचं असं जाहीर झालं. भांडण अडलंय ते पात्रतेवर. बालवाडीच्या शिक्षिका म्हणतात आम्ही पदवी घेऊन आलो, तुम्ही छोटा कोर्स करून. दोघींचंही खरं आहे. पण जन्म घटत असताना जी शिल्लक माणसं आहेत त्यांना नीट शिकवायला आणि नीट पगार द्यायला यापेक्षा चांगली वेळ कुठली?

आता कुणी म्हणेल, कोरियाचं काय घेऊन बसलात. तर आपल्याकडे 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. आठवतंय? मोबाईलवर माहिती भरायचं काम त्यांच्याकडे आहे, पोषण आहार आहे, शिकवणंही आहे. आणि जे हातात पडतं त्याला आपण अजून ‘वेतन’ म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतो. मान द्यायचा, धन बेताचं.

कोरियाने पैसा ओतला, कॅमेरे लावले, अभ्यासक्रम बदलला, आणि बाळ ज्या हातांत असतं त्या हातांकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, म्हणून आपण तरी सुरुवात त्या हातांपासून करावी असं मला वाटतं.

तुमचं मूल पाळणाघरात किंवा अंगणवाडीत जात असेल तर एक करा. तिथल्या ताईंना महिन्याला किती मिळतात, हे एकदा विचारा. आणि उत्तर ऐकून काय वाटलं ते खाली कमेंटमध्ये लिहा.