लायसन अठराव्या वर्षी, गाडी सोळाव्या वर्षी: मधल्या दोन वर्षांचं काय?

दहावी झाली की आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. कॉलेज मालवणला, कट्ट्याला नाहीतर आचऱ्याला. सकाळची एसटी खच्चून भरलेली, दुपारची चुकली तर स्टँडवर ताटकळायचं. शेवटी बापूस घरातल्या स्कूटीची चावी देतो. पोरगा सोळा वर्षांचा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पोराक गाडी येता, मगे लायसन कित्याक व्हया?"

गाडी येते हे खरं. हँडल धरायला आठवडा पुरतो. पण वळणावर समोरून पर्यटकांची गाडी आपल्या बाजूला घुसली तर ब्रेक किती दाबायचा, हे कळायला वेळ लागतो. त्यासाठीच कायद्यात पायऱ्या ठेवल्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी पालकाच्या सहीने ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी, अठराव्या वर्षी बाकी दुचाकी आणि कार, विसाव्या वर्षी मालवाहू आणि प्रवासी वाहन.

घोळ पहिल्याच पायरीवर आहे. ५० सीसीची गाडी आणायची कुठून? लुनाचा जमाना गेला. आज शोरूमला उभ्या असतात त्या स्कूटी ११० नाहीतर १२५ सीसीच्या. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला लायसन मिळू शकतं, पण ते चालेल अशी गाडी बाजारात नाही. इलेक्ट्रिक स्कूटीला लायसन नको, असं विकणारे सांगतात. ते फक्त २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीला लागू आहे. त्यापेक्षा जोरात पळणारी असेल तर नंबरप्लेटही लागते आणि लायसनही. घेण्याआधी कागदावर बघा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

आता चावी देणाऱ्या बापाचं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं, हे बापालाच सिद्ध करावं लागतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव गेला, तेव्हा त्याच्या बापालाही अटक झाली होती. ती करोडोंची गाडी आणि आपली स्कूटी, पण कलम तेच. शिवाय चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर विमा कंपनी अपघातग्रस्ताला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करते. असे निकाल कोर्टांनी कितीदा दिले आहेत. दंड एकवेळ भरता येईल, भरपाईसाठी मात्र कलमांची बाग विकायची पाळी येते.

अठरा पूर्ण झाल्यावर तरी पायऱ्या नीट चढतो का? लर्निंग लायसनची परीक्षा २०२१ पासून आधारवरून घरबसल्या देता येते. सोय चांगली आहे, ओरोसची एक खेप वाचते. पण परीक्षा पोरगा देतो की शेजारी बसलेला मामा उत्तरं सांगतो, हे ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक. लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. या काळात पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, आणि दुचाकीवर मागे शिकवणारा लायसनवाला सोडून कोणी बसायचं नाही. आपल्याकडे काय होतं? लर्निंग हातात आलं की दुसऱ्या दिवशी ट्रिपल सीट, तारकर्लीला!

मग मैदानावर आठचा आकडा काढायचा, पाय टेकला नाही की पास. त्या आठात पाऊस नाही, रात्र नाही, करुळचा घाट नाही.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये यावर वेगळी तोड काढली. तिथे शिकाऊ आणि पक्कं यांच्यामध्ये आणखी एक लायसन आहे. ते असताना रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, आणि दोस्तांना भरून न्यायचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २१ च्या आतल्या शिकाऊला १२० तास अनुभवी माणसासोबत चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यात २० तास रात्रीचे. त्यांनी बरोबर हेरलंय. नवशिक्याचा घात दोन गोष्टी करतात, रात्र आणि मागे बसून "खेच, खेच" म्हणणारे दोस्त. आपल्याकडे तर दशावतार बघून पहाटे परतणारी पोरं दोन्ही एकदमच करतात.

आपल्या कायद्यात ही मधली पायरी नाही. घरात ठेवायला मात्र कोणाची हरकत नाही. माझ्या पुतण्याला अठरा झाल्यावर लर्निंग काढलं तेव्हा आम्ही ठरवलं, पहिले तीन महिने दिवे लागायच्या आत घरी, आणि मागे फक्त काका. पोरगा तोंड वाकडं करून होता. आम्ही दोघांनी मिळून पावसात कसालपर्यंत फेऱ्या मारल्या. एकदा शेवाळलेल्या उतारावर त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि आम्ही दोघेही गटारात. गुडघे सोलवटले, बाकी काही नाही. त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही.

आंबा-काजूवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला. साध्या कारचं लायसन असलेल्याला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळी नोंद नको. म्हणजे पेट्या नेणारी आपली पिकअप त्यात बसते. पण विसाव्या वर्षाची अट कायद्यात तशीच आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला वाशीच्या खेपेवर पाठवू नका, आणि पाठवलंत तर वाटेतला घाट त्याने आधी दिवसा पाहिलाय का, एवढं तरी विचारा.

राहिला प्रश्न अकरावीच्या पोरांचा. कॉलेज सुटायच्या वेळेला एसटी लागली तर निम्म्या चाव्या घरातच राहतील. जूनच्या ग्रामसभेत पालकांनी कॉलेजच्या वेळा लिहून ठराव घालावा आणि त्याची प्रत एसटीच्या आगारात देऊन पोच घ्यावी.