आधी पावत्या दाखवा!

संगणकाला प्रश्न चुकीचा लिहिला, तर तो बहुधा कुरकुरतो. पंचाईत होते ती तो न कुरकुरता भलतेच उत्तर देतो तेव्हा.

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस असेच एक कोडे घेऊन आले. मेंटेनन्स न भरलेल्या सभासदांची यादी त्यांना हवी होती. संगणक म्हणे, असा एकही नाही! ‘तुम्हीच नीट लिहून द्या,’ ते म्हणाले.

काम दोन मिनिटांचे. तरी मी आधी पावत्यांच्या नोंदी मागितल्या. एका नोंदीत सभासद क्रमांकच नव्हता. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या तक्त्यांच्या कल्पनेवर एसक्यूएल ही भाषा उभी आहे. तिच्यात रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. ती म्हणजे ‘ठाऊक नाही’. ती पावती कुणाचीही असू शकते. मग अमक्याने पैसे भरलेच नाहीत, असे संगणक छातीठोकपणे सांगणार कसा? त्याने सगळ्यांनाच सोडून दिले.

‘रिकाम्या नोंदी वगळ’ अशी एक ओळ वाढवली असती, तर यादी तत्काळ मिळाली असती. आणि ज्याने इमानाने पैसे भरले, त्याच्याच दारी थकबाकीची नोटीस गेली असती. तयार ओळ हातावर ठेवणाऱ्या जाणकारांवर (हल्ली यंत्रेही तेच करतात) माझा राग आहे तो यासाठी. विचारणाऱ्याला घाई असते; सांगणाऱ्याला ती का असावी?

स्थळप्रत काढली. पावती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची निघाली. क्रमांक भरला, यादी आली. त्यात चिटणीसांचेही नाव होते.