नाका नेमका कोठे असावा?

औषधाच्या मूळ क्रियाशील द्रव्याच्या प्रत्येक वेष्टनावर, मग ते द्रव्य देशी असो वा परदेशातून आणलेले, क्यूआर कोड असलाच पाहिजे असा दंडक केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून लागू केला. त्या लहानशा चौकोनात उत्पादकाचे नाव, परवाना, बॅचचा क्रमांक, उत्पादनाची तारीख इत्यादी तपशील सामावलेला असतो. हेतू स्तुत्य आहे. परंतु सावित्रीच्या खोऱ्यात जेथे औषधी द्रव्ये, रंगद्रव्ये आणि सुगंधी रसायने शेजारी शेजारी तयार होतात, त्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत, शेवटच्या ड्रमवर कोड चिकटविला म्हणजे मालाचा माग लागला, असा सोयीस्कर समज करून घेण्याचा मोह व्यवस्थापकांना झाल्यावाचून राहणार नाही. कायदा तेवढेच मागतो आणि खर्चही तेवढ्यावरच भागतो.

तपासणीचा शेवटचा नाका, म्हणजे ड्रमवरचा हा कोड, आधीच्या नाक्यांनी कळविले तेवढेच जाणतो. कच्चा माल गोदामातून निघतो, वजनकाट्यावर येतो, रिॲक्टरमध्ये पडतो, सेंट्रिफ्यूजमधून गाळला जातो, ड्रायरमध्ये सुकतो आणि मग ड्रममध्ये भरला जातो. या वाटेवरील प्रत्येक टप्प्याची नोंद बहुधा लॉगशीटवर हाताने होते, आणि पाळी संपताना एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात भरलेले आठ तासांचे तापमान ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला त्या दस्तऐवजाची साक्ष कितपत ग्राह्य धरावी हे निराळे सांगावे लागत नाही.

क्यूआर कोडाचा जन्म १९९४ साली जपानच्या डेन्सो या कंपनीत, मासाहिरो हारा यांच्या हातून, मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी झाला. सुटा भाग मोजता येतो, त्याला अखेरपर्यंत स्वतःची ओळख असते. रसायनाचे तसे नाही. दोन ड्रम एका टाकीत रिते झाले की त्यांचे पृथक् अस्तित्व लोपते, आणि त्यातला एक चुकीचा होता हे नंतर कळून उपयोग नसतो. म्हणून मोटारीच्या कारखान्यात नाका कोठेही बसविला तरी निभावते. रसायनाच्या कारखान्यात तो, ज्या बिंदूनंतर माघार अशक्य होते, त्या बिंदूच्या अलीकडेच बसला पाहिजे. ड्रमवरील कोड वाचला गेला, वजन बॅचच्या मंजूर आदेशाशी जुळले, रिॲक्टरचे तापमान ठरलेल्या मर्यादेत आहे, या तिन्ही गोष्टींची शहानिशा झाल्याखेरीज झडप उघडूच नये. नुसती नोंद करणारा नाका हा कारकून होय. मला हवा आहे तो अडविण्याचा अखत्यार असलेला नाकेदार.

अर्थात अडविणारी यंत्रणा लोकांना अडचणीची वाटते, आणि रात्रपाळीला बॅच खोळंबली की तिला बायपास करण्याची वाट कोणीतरी काढतोच. ती वाट सर्वस्वी बंद करणे शहाणपणाचे नाही, कारण काटा बिघडतो, सेन्सर खोटे बोलतो. परंतु बायपास कोणी केला, कोणाच्या हुकमाने केला आणि कशासाठी केला, हे त्याच क्षणी, पुसता न येईल अशा रीतीने नोंदले गेले पाहिजे. आज दोष हेल्परच्या माथी मारण्याचा रिवाज आहे, कारण हुकूम तोंडी असतो. पोलादपूरच्या वाडीतून ठेकेदारामार्फत पाळीवर येणाऱ्या माणसाला हे नाके आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी बसविले आहेत अशी धास्ती वाटली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. ती घालवावयाची असेल तर या नोंदींचा पगारकपातीशी काडीचाही संबंध ठेवू नये आणि त्या पाहण्याचा हक्क त्यालाही द्यावा.

३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीत ब्लू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट व आग होऊन अकरा कामगार बेपत्ता झाले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना मृतदेह बाहेर काढावे लागले. त्या घटनेच्या कारणमीमांसेत मी शिरत नाही. तथापि अशा कोणत्याही प्रसंगी दरवाजाशी पहिला प्रश्न पडतो तो आत किती माणसे होती हा, आणि ज्या कारखान्याला आपल्या प्रत्येक ड्रमचा ठावठिकाणा क्षणात सांगता येतो त्याला प्रत्येक विभागात त्या घटकेला कोण होते हेही, ठेक्याच्या कामगारांसह, तितक्याच तत्परतेने सांगता आले पाहिजे.

हा सारा दप्तरखाना मात्र तळमजल्यावर मांडू नये. जुलै २०२१ चा महापूर महाडकर विसरलेले नाहीत. आणि बायपासची यादी केवळ मालकाच्या संगणकात न राहता दरमहा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे रुजू व्हावी, एवढी तरतूद शासनाने करावी. गुपित उघडे पडेल ही कारखानदारांची हरकत येथे टिकत नाही, कारण त्या यादीत रसायनाची कृती नसते. असते ती केवळ वेळ, झडपेचा क्रमांक आणि हुकूम देणाऱ्याचे नाव.