एका रात्रीची नृत्यनाट्ये

भारतीय भाषांतील साहित्याचा अभ्यास करणारे आपण लोक रंगभूमीचा विचार करू लागलो म्हणजे संहितेपासून आरंभ करतो आणि बहुधा संहितेपाशीच थांबतो. प्रयोग किती झाले, ते कोणी पाहिले आणि पाहणाऱ्याने त्यासाठी किती पैसे मोजले, हे प्रश्न हिशेबनिसाचे आहेत, अभ्यासकाचे नव्हेत, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. नृत्यनाट्याच्या बाबतीत ही समजूत फार महागात पडते. नृत्यनाट्याला वाचनीय अशी छापील संहिता क्वचितच असते. त्याचा ग्रंथ म्हणजे त्याचा प्रयोग. आणि ज्या ग्रंथाची एकच प्रत निघाली व तीही दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली, त्याचे टीकाकाराने करावे तरी काय?

गेले काही महिने अध्यापनाच्या निमित्ताने माझा मुक्काम बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात आहे. नृत्यनाट्याच्या शौकिनाला याहून बरी वस्ती मिळणे कठीण. सेवासदनाची छोटी रंगभूमी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सप्ततंत्री व्हायोलिनचे प्रवर्तक टी. चौडय्या यांच्या स्मरणार्थ १९८० मध्ये उभारलेले, व्हायोलिनच्याच आकाराचे चौडय्या स्मारक सभागृहही फार दूर नाही. संध्याकाळी संपिगे रस्त्याने निघावे, फुलांचा आणि कॉफीचा वास घेत सभागृह गाठावे आणि आत जाऊन बसावे. कोणी तिकीट विचारत नाही, कारण बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतेच. निमंत्रणपत्रिकेवर 'सर्वांना प्रवेश विनामूल्य' असे छापलेले असते, आणि त्यामागचा भाव यजमानाचा असतो. आलेला मनुष्य ग्राहक नसून अतिथी आहे, ही कल्पना मनाला सुखावणारी आहे, यात शंका नाही.

परंतु अतिथीला जेवणाला नावे ठेवता येत नाहीत. येथूनच सगळ्या अडचणींना सुरुवात होते. साडेसहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू होतो. दीपप्रज्वलन, स्वागत, तीन भाषणे, शाली, हार आणि म्हैसुरी पेटे यांत पाऊण तास जातो. ज्यांना पेटा मिळाला ते पाहुणे पहिल्या प्रवेशानंतर उठून जातात. उरलेल्या वेळात पौराणिक कथेवरचे एखादे नृत्यनाट्य घाईघाईने आटोपले जाते. संगीत ध्वनिमुद्रित असते, कारण गायक, मृदंगवादक आणि वीणावादक यांना तालमींसकट बसविणे परवडत नाही. ध्वनिमुद्रणावर नाचणाऱ्या नर्तकीला एखादा भाव क्षणभर लांबवावासा वाटला तरी तो लांबविता येत नाही. मुद्रित ताल पुढे निघून गेलेला असतो. हे दोष नर्तकांचे नव्हेत. मी पाहिलेल्या नर्तकांपैकी कितीतरी जण उत्तम शिकलेले होते.

मग हा खर्च करतो कोण? विनामूल्य प्रवेश म्हणजे खर्चच नाही, असे थोडेच असते! एकल नृत्याच्या बाबतीत उत्तर उघड आहे. कन्नड मंडळी ज्याला रंगप्रवेश म्हणतात, त्या पहिल्या जाहीर प्रयोगाचा सारा भार, म्हणजे सभागृहाचे भाडे, वादकांचे मानधन, वेषभूषा, पत्रिका आणि शेवटी भोजन, नर्तकीचे आईवडील उचलतात. समूहनृत्यनाट्यात हाच भार शिष्यांच्या कुटुंबांत वाटला जातो, आणि वर एखादा प्रायोजक मिळाला तर त्याचे नाव मागच्या पडद्यावर झळकते. म्हणजे व्यवहार उलटा झालेला आहे: पाहणारा पैसे देत नाही, दाखविणारा देतो. या व्यवस्थेत कोण टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या मुलीच्या घरी पैसा आहे ती टिकेल. जिच्या अंगी केवळ गुण आहे, ती विशीतच कोठेतरी नोकरीला लागेल. कलेच्या लोकशाहीसाठी ठेवलेला विनामूल्य दरवाजा प्रेक्षकाला उघडा असतो, कलावंताला मात्र बंद.

यंदा पाहिलेल्या एका चांगल्या नृत्यनाट्यानंतर मी आयोजकांना सहज विचारले, पुढचा प्रयोग केव्हा? त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला विसरता येत नाही. 'झाला की हो!' एवढेच ते म्हणाले. चार महिन्यांच्या तालमींचा तो निर्णायक आणि अखेरचा निकाल होता.

एकदाच होणाऱ्या प्रयोगाने कलाकृतीचे काय होते, हे पाश्चात्त्य बॅलेच्या इतिहासातील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसेल. चायकोव्हस्कीचे 'स्वान लेक' १८७७ मध्ये मॉस्कोला प्रथम रंगभूमीवर आले तेव्हा त्याचे स्वागत थंडच झाले. आज जगाला ठाऊक असलेले 'स्वान लेक' हे पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नव्याने बसविलेले आहे. तोपर्यंत संगीतकार वारला होता. कृतीला दुसरी संधी मिळाली, कारण जुन्या कृती पुन्हा काढून पाहणारी, पगारी नर्तकांची आणि नेमाने येणाऱ्या प्रेक्षकांची संस्था तेथे होती. त्या संस्थेला झारचा खजिना होता हे खरे. पण आपल्याकडेही खजिन्यावाचून हे घडलेले आहे. शांति बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेल्या लिटल बॅले ट्रूपचे 'रामायण', ज्यात जिवंत नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करतात, ते बर्धन १९५४ मध्ये गेल्यावरही त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि गुल बर्धन यांनी कित्येक दशके चालू ठेवले. मुंबईहून ग्वाल्हेर, तेथून भोपाळ असा संस्थेचा संसार हलत राहिला, पण कृती हरवली नाही. भारतीय नृत्यरचनेची चर्चा आपण आज ज्या थोड्या कृतींच्या आधारे करू शकतो, त्यांत ही एक आहे, ती केवळ या पुनरावृत्तीमुळे.

मल्लेश्वरममध्ये हा विषय काढताना माया राव यांचे नाव टाळणे अशक्य आहे. १९२८ मध्ये याच भागात त्यांचा जन्म झाला. सोहनलाल आणि पुढे शंभू महाराज यांच्याकडे त्या कथक शिकल्या आणि सोव्हिएत संघात जाऊन नृत्यरचनेचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या. नृत्य करणे ही एक विद्या आणि नृत्य रचणे ही दुसरी, हे त्यांनी आपल्याकडे प्रथम अभ्यासक्रमाच्या रूपाने मांडले. त्यासाठी १९६४ मध्ये दिल्लीत संस्था काढली आणि १९८७ मध्ये ती येथे आणली. १९८९ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०१४ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या शिष्यांनी आणि संस्थेने काम पुढे चालविले आहे. तरीही आज एखाद्या विद्यार्थ्याला माया रावांच्या नृत्यनाट्यांवर प्रबंध लिहावयाचा झाला, तर त्याला त्या कृती आठवणींतून, छायाचित्रांतून आणि वृत्तपत्रांच्या कात्रणांतूनच गोळा कराव्या लागतील. नाटककाराच्या बाबतीत आपण ही स्थिती क्षणभरही सहन केली नसती.

मराठी वाचकाला या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याच रंगभूमीच्या इतिहासात सापडेल, आणि गंमत अशी की तिचा उगम कर्नाटकातच आहे. उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीला आली. गायन, नर्तन आणि राक्षसांची आरडाओरड यांनी भरलेले त्यांचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे, पण अधिक सुधारलेले नाटक रचण्याची आज्ञा केली, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबारी आश्रय सुटला. भाव्यांपुढे दोनच मार्ग होते: नवा धनी शोधणे, किंवा लोकांकडे जाणे. ते लोकांकडे गेले. १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा जन्म १८४३ चा मानला जातो. मराठी प्रेक्षकाचा जन्म मात्र १८५३ चा म्हणावा लागेल. पैसे देऊन आत आलेल्या मनुष्याला आवडले नाही तर तो उद्या येणार नाही, ही भीती त्या दिवसापासून नाटकमंडळींच्या मनात बसली, आणि प्रयोगसंख्या हे मराठी रंगभूमीचे एक मानचिन्ह झाले.

या तिकिटाने सगळेच भले केले, असे मात्र मी म्हणणार नाही. तिकीट काढणाऱ्या मराठी प्रेक्षकाला गाणे हवे होते. त्याने गाण्याला रात्र रात्र दिली, 'वन्स मोअर' दिले, आणि भागवत मंडळींकडून आलेले नर्तन हळूहळू रंगमंचाबाहेर घालविले. नाच तमाशाच्या फडात राहिला. तेथेही तो तिकिटावरच जगला. शिष्टांनी त्याला कला म्हणण्यास बराच उशीर लावला, इतकेच. नृत्यनाट्य हे मराठीत कधी नीट रुजले नाही याचे एक कारण, माझ्या मते, हे आहे की ज्या काळात प्रेक्षक घडत होता त्या काळात त्याच्यापुढे ते मांडलेच गेले नाही. मराठीपाशी पैसे देणारा प्रेक्षक आहे, नृत्य नाही. बंगळूरपाशी नृत्य आहे, पैसे देणारा प्रेक्षक नाही.

नाही, असे म्हणताना थोडे थांबले पाहिजे. याच शहरात २००४ मध्ये जे. पी. नगर येथे रंगशंकर सुरू झाले. होन्नावर भागातून आलेल्या, आणि उमेदीच्या काळात मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेल्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी ते उभारले. कर्की गाव होन्नावरच्याच शेजारचे, हा योगायोग मला सोडवत नाही. आठवड्यातून बहुतेक दिवस नाटक, परवडेल असे तिकीट, आणि वेळ झाली की दार बंद, असा तेथला शिरस्ता आहे. उशिरा येणाऱ्यांच्या या शहरात लोक धावतपळत वेळेवर पोचतात. म्हणजे प्रेक्षक आहे. त्याला कोणी प्रेक्षक म्हणून वागविले पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की नृत्य ही मूळची देवळातली वस्तू, तिला दाम कसा लावावा? या आक्षेपात इतिहास अर्धाच आहे. देवळातले नृत्य विनामूल्य नव्हते. त्यासाठी जमिनी लावून दिलेल्या असत. दाता बदलला की नृत्य थांबे, जसे विसाव्या शतकात ठिकठिकाणी थांबले. हेसरघट्ट्याच्या नृत्यग्रामातील वसंतहब्ब हा रात्रभर चालणारा विनामूल्य उत्सव ज्यांनी पाहिला ते त्याची आजही आठवण काढतात. पण तोही खर्च झेपेना तेव्हा बंद पडला. दुसऱ्या टोकाला, मुंबईत २०२३ पासून बाहेरदेशचे झगमगते संगीतनाट्यप्रयोग हजारोंच्या तिकिटावर येऊ लागले आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण तो आपला मार्ग नव्हे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत सर्कस, नृत्य आणि नाटक यांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला सूट आहे, आणि त्या यादीत 'बॅले' हा शब्दही चक्क लिहिलेला आहे. सरकारने जागा करून ठेवली आहे. तीत बसणारे मात्र कोणी नाही. तीनशे आसनांचे सभागृह, दीडशे रुपयांचे तिकीट आणि एकाच कृतीचे आठ शुक्रवार असा हिशेब मांडला, तर सभागृह भरल्यास तीन लाख साठ हजार रुपये होतात. अर्धे भरले तरी वादकांना समोर बसविता येईल. मागच्या दोन रांगा विद्यार्थ्यांना फुकट द्याव्यात. मानार्थ प्रवेशिका मात्र एकही देऊ नये. ज्यांना तिकीट सहज परवडते तेच त्या मागतात.

आठ शुक्रवार दाखवावे काय, हाही प्रश्न आहे, आणि येथे साहित्याच्या अभ्यासकाला काम आहे. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाजवळ १६६९ चा शिलालेख आहे. त्यात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी देवाला गाव दान दिल्याची नोंद आहे. हेच व्यंकोजी पुढे तंजावरला गेले. त्यांचे पुत्र शहाजी यांनी तेलुगू आणि मराठीत नाटके रचली. त्यांच्याच घराण्यातील सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) यांनी नृत्यासाठी मराठी निरूपणे लिहिली: एकच कथा, एकच राग आणि ताल, आणि त्यात बांधलेले अठरा नृत्यप्रकार. भरतनाट्याचा आजचा कार्यक्रम सुट्या रचनांची माळ असतो. येथे मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकसंध असा नृत्यप्रबंध मराठीत लिहिलेला आहे. मुंबईत बॅलेकार म्हणून नाव मिळविलेले पार्वतीकुमार यांनी तो शोधून, बसवून १९८२ मध्ये 'तंजावूर नृत्य प्रबंध' या ग्रंथात मांडला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तो नाचून दाखविला. आणि तरी विद्यापीठांच्या मराठी विभागांत सरफोजींचे नाव ग्रंथालयाच्या संदर्भात येते, कवी म्हणून येत नाही.

मल्लेश्वरमच्या कन्नड प्रेक्षकाला मराठी कसे कळणार, असे कोणी म्हणेल. तंजावरच्या तमिळ प्रेक्षकाला तरी मराठी कोठे कळत होते? नृत्याचे काव्य आपल्याकडे बहुधा परभाषेतच जगले आहे, आणि त्याचा तौलनिक अभ्यास अजून व्हावयाचा आहे. तोवर एवढे करता येईल: दाराशी दोन पानी पत्रक ठेवावे, एका पानावर मूळ मराठी शब्द नागरीत आणि दुसऱ्यावर त्यांचा कन्नड अर्थ. पत्रकाची किंमत पाच रुपये लावावी, म्हणजे लोक ते खुर्चीवर टाकून न जाता घरी नेतील. पहिल्या शुक्रवारी नृत्य सुरू होण्यापूर्वी भाषण कोणाचेही नसावे, माझेही नको.