आधी कुलूप, मगच सिग्नल

मुदखेड-आदिलाबाद हा एकेरी लोहमार्ग. या मार्गावर हिमायतनगरसारख्या स्थानकात समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यावी लागते. त्यासाठी आधी सांधा वळवायचा, तो नीट बसल्याची खात्री करायची, त्याला कुलूप घालायचे आणि मगच सिग्नल द्यायचा, हा रेल्वेचा जुना दंडक. हा क्रम उलटता येऊच नये, अशी व्यवस्था म्हणजे इंटरलॉकिंग. खात्री आणि क्रम या दोन गोष्टींवर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, याच दोन गोष्टींवर उभा आहे. त्यातील खात्रीत कसूर झाली की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने अनुभवले.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राऊडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षाप्रणालीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत चूक लक्षात येऊन ती मागेही घेण्यात आली. मात्र तोवर विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. मुंबईसह देशातील विमानतळांवर रांगा लागल्या आणि काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. देशातील १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ झळ बसल्याचे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी जाहीर केले.

कारण अगदी क्षुल्लक होते. नव्या फाइलीतील सूचना २१ रकान्यांच्या हिशेबाने लिहिलेल्या होत्या. ती वाचणारा प्रोग्रॅम मात्र २० रकानेच पुरवत होता. एकविसावा रकाना शोधताना तो स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला. फाइल पाठवण्यापूर्वी तिची तपासणी करणारी यंत्रणा कंपनीकडे होती. पण २१ रकाने मिळणारच, हे तिनेही गृहीत धरले होते. आधीच्या चाचण्यांत त्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तो कधी वाचलाच गेला नव्हता. शिवाय ही फाइल थोड्या संगणकांवर पारखून न घेता सर्वांना एकदमच पाठवली गेली. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेलमध्ये चालणारा प्रोग्रॅम असा चुकला, तर पुढील नुकसान टाळण्यासाठी अवघी यंत्रणाच थांबते.

दुसरी बाजू क्रमाची. कर्नेलमध्ये असंख्य कामे एकाच वेळी चालतात. एकाच माहितीला दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून तेथे कुलपे असतात. हे कुलूप वापरण्याआधी ‘सध्या उघडे आहे’ अशी नोंद करून तयार ठेवावे लागते. एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरने ‘मी सज्ज आहे’ असे आधी कळवले आणि कुलूप नंतर तयार केले, तर मधल्या क्षणी आलेली हाक अर्धवट कुलपावर आदळते. एरवी महिनोन् महिने काही होत नाही आणि मग एखाद्या दिवशी यंत्र अचानक कोसळते. दोन कुलपे घेण्याचा क्रम चुकला, तर दोन कामे एकमेकांची वाट अडवून उभी राहतात. एकेरी रुळावर समोरासमोर थबकलेल्या गाड्यांसारखी. हा धोका प्रत्यक्ष घडण्याआधीच हेरणारी ‘लॉकडेप’ ही तपासणी इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये लिनक्समध्ये आणली. तिच्यामुळे वेग मंदावतो, म्हणून ती सहसा चाचणीपुरतीच चालू ठेवतात. चाचणीत कुचराई झाली, तर दोष थेट ग्राहकाच्या हाती जातो. अँड्रॉइड मोबाइल याच लिनक्स कर्नेलवर चालतात.

याचा हिमायतनगरशी संबंध काय? बँकेच्या शाखेत ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून परत फिरणे तालुक्यातील शेतकऱ्याला नवे नाही. दर वेळी दोष कर्नेलचाच असतो असे नव्हे. पुष्कळदा नेटवर्कच नसते. पण नेटवर्क पुन्हा येते. चालूच न होणारा संगणक दुरून दुरुस्त करणे अवघड असते. जुलै २०२४ मध्ये असंख्य संगणकांपाशी प्रत्यक्ष जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत चालू करून सदोष फाइल काढावी लागली. महानगरात असा माणूस त्याच इमारतीत मिळतो. तालुक्याच्या गावी तो येईपर्यंत दिवस जातो आणि पीककर्जासाठी मजुरी बुडवून आलेल्याची खेप वाया जाते. चूक करणारा दूर, भुर्दंड मात्र जवळच्याला, असा हा व्यवहार आहे.

त्या घटनेनंतर क्राऊडस्ट्राइकने टप्प्याटप्प्याने फाइल पाठवण्याची पद्धत स्वीकारली, तर सुरक्षाप्रणाली कर्नेलबाहेर चालवता यावी यासाठी मायक्रोसॉफ्टने पावले उचलली. हे स्वागतार्हच. मात्र सार्वजनिक सेवांसाठी यंत्रे खरेदी करणाऱ्यांनी किंमत आणि वेग यांबरोबरच आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. बदल आधी मोजक्या यंत्रांवर पारखला जातो का, तपासणाऱ्या यंत्रणेचीही तपासणी होते का आणि बिघाड झाल्यास जुन्या स्थितीवर आपोआप परतता येते का? सांध्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नल न देण्याची शिस्त रेल्वेने अपघातांची किंमत मोजून अंगी बाणवली. संगणकाच्या जगाने ती तालुक्यातल्या माणसाच्या खर्चाने शिकू नये.