कृष्णवडाची शाखा

काही झाडे फुलांसाठी लावली जातात, तर काही केवळ पानांच्या शोभेसाठी. या दुसऱ्या वर्गात आपल्याच देशातील एक दुर्मिळ वृक्ष मोडतो, आणि गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीतही तो कुंडीत सुखाने वाढतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो वृक्ष म्हणजे कृष्णवड. या महिन्यात त्याच्या संगोपनाचा विचार करू.

कृष्णवड पाहताक्षणी ओळखू येतो. साध्या वडाचे पान सपाट असते. याच्या पानाच्या देठालगतच्या कडा एकमेकींस जुळून तेथे लहानसा द्रोण झालेला असतो. बाळकृष्णाने चोरलेले लोणी या द्रोणात लपविले, अशी लोककथा आहे. हिंदीत यास माखनकटोरी म्हणतात ते त्यावरूनच. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कासिमिर द कांदोल यांनी १९०१ साली यास स्वतंत्र जाती मानून ‘फायकस कृष्णी’ असे नाव दिले; पुढे तो आपल्या वडाचाच एक प्रकार होय, असे मत मांडले गेले. याची वाढ साध्या वडाहून मंद असते, आणि कुंडीच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे.

परंतु या झाडाची खरी गोम त्याच्या वंशात आहे. वडाच्या फळात बी धरते ते एका इवल्या कीटकाने आणलेल्या परागामुळे, आणि तो पराग कोणत्याही साध्या वडाचा असू शकतो. यास्तव बियांपासून आलेल्या रोपास द्रोण येतीलच असा भरवसा नाही. द्रोण हमखास हवे असतील तर कलमच केले पाहिजे.

त्यास गुटी कलम उत्तम. ज्येष्ठ-आषाढात, पावसाने जोर धरला की, जिच्या प्रत्येक पानास द्रोण आहे अशी पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडावी. तिच्यावरील सुमारे १ इंच रुंदीची साल कड्यासारखी काढून आतील ओलसर पापुद्रा खरवडून टाकावा. चीक पुसून तेथे भिजवून पिळलेले शेवाळ बांधावे, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके घट्ट आवळावी. पाणी मुळांकडून पानांकडे चढते ते लाकडातून, म्हणून फांदी सुकत नाही. पानांत सिद्ध झालेले अन्न खाली उतरते ते सालीतून, म्हणून ते कापलेल्या कडेशी साठते आणि तेथेच मुळे फुटतात. दीड-दोन महिन्यांत कागदातून मुळे दिसू लागली की, त्यांच्या खाली कापून फांदी लहान कुंडीत लावावी व काही दिवस सावलीत ठेवावी. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. काम आटोपताच हात धुवावे.

रोप सावरले की १२ इंची कुंडी पुरे. तळाशी विटांचे तुकडे, वर लाल माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू घालावी. गॅलरीतील सर्वाधिक उन्हाची जागा यास द्यावी, आणि ती वारंवार बदलू नये. जागा बदलल्यास झाड रुसून पाने गाळते. वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी घालावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने पाने पुसावी. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी नित्य ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. द्रोणांत पाणी राहिल्यास तेही झटकावे. दर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडी झाड काढून मुळांचा चौथा हिस्सा छाटावा व माती बदलावी. कुंडी मधूनमधून उचलून पाहावी. वडाचे मूळ एकदा भिंतीच्या भेगेत शिरले की काय करते, हे आपल्या जुन्या चाळींच्या रहिवाशांस वेगळे सांगावयास नको.

आता एक विनंती घरातील स्त्रीवर्गास. वटपौर्णिमेस दादरच्या बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे भारे विकावयास येतात. आज पूजा आणि उद्या केरात रवानगी, असा त्या फांद्यांचा शेवट होतो. ज्या वृक्षाजवळ दीर्घायुष्य मागावयाचे, त्याचेच अवयव तोडून आणणे या व्रतास शोभत नाही. गॅलरीतील कृष्णवडाची पूजा करावी आणि त्याच दिवशी त्याच्या एका फांदीस गुटी बांधावी. दोरा गुंडाळण्याचा विधी त्यातही साधतोच, आणि श्रावण-भाद्रपदात घरात नवे रोप येते.

ते रोप मात्र घरात ठेवू नये; दुसऱ्यास द्यावे. पतंजलीने ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या आहेत. आज पठणात मुख्यत्वे शाकल शाखाच उरली आहे. ज्या शाखेस शिष्य लाभले ती जगली, ज्या शाखेस लाभले नाहीत ती लोपली. कृष्णवडाचेही तसेच आहे. त्याचा द्रोण बियांच्या भरवशावर राहत नाही; कोणी फांदी बांधली आणि कोणी ती स्वीकारली, तरच तो पुढे चालतो. गिरगावातल्या चाळी पाडून आज उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि एका छताखाली वाढलेली भावंडे बोरिवली-डोंबिवलीस पांगली आहेत. घराची वाटणी होते, तीत भांडीकुंडी मोजली जातात; त्याच वेळी प्रत्येक बिऱ्हाडास या वडाची एकेक शाखा मिळावी. वाटल्याने वाढणारी अशी मिळकत संसारात थोडी असते.