तिवराच्या सोसण्यालाही सीमा आहे

खाडीकाठी रस्त्याचे किंवा पुलाचे काम निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘तिवरांचं काय, ती कुठेही जगतात.’ मुंबई-ठाण्याच्या सांडपाण्यात तिवर हे खारफुटीचे झाड उभे दिसते, म्हणून हे खरे वाटते. पण ते अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्यावर आपण खाड्या बुजवत आहोत.

१. तिवर सोसते, त्यामागे मोठी धडपड आहे. मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. जे आत शिरते ते पानांवरच्या ग्रंथींतून टाकले जाते. पान चाटून पाहा, खारट लागेल. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळांची टोके पेन्सिलींसारखी वर येतात आणि ओहोटीला त्यांच्या छिद्रांतून हवा घेतात. शेजारीच वाढणाऱ्या कांदळ या दुसऱ्या खारफुटीचे बी तर झाडावरच रुजते आणि लांबट रोप होऊनच खाली पडते.

२. ही धडपड फुकट होत नाही. मीठ आवरण्यात झाडाची शक्ती खर्च होते. फार खारट जागी तेच तिवर खुरटते, झुडपाएवढेच राहते. तगणे आणि निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. या सगळ्या युक्त्या भरती-ओहोटीवर उभ्या आहेत. बांध घातला, मोरी बुजली किंवा राडारोडा टाकला की श्वसनमुळे गाडली जातात, नाहीतर साचलेल्या पाण्यात कायमची बुडतात. झाड गुदमरते. कुऱ्हाड न लावताही तिवरवन मारता येते, आणि तसे मारणे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

४. हा प्रश्न फक्त झाडांचा नाही. तिवरांच्या मुळांत लाटांचा जोर मोडतो, गाळ थांबतो, मासे-कोळंबीची पिल्ले वाढतात. तिवरांची जागा बुजली की काय होते ते मुंबईने पाहिले आहे : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा भरावाने आक्रसलेल्या मिठी नदीकाठी पाणी पसरायला जागा उरली नव्हती.

५. कायदा आपल्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर तिवरतोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालात तर तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. २०१२ पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे. २०२० मध्ये पांढरी चिप्पी या खारफुटीच्या जातीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. नियम आहेत, हवी आहे ती राखण.

६. पर्यायी वनीकरण, म्हणजे तोडलेल्या तिवरांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावणे, ही भरपाई नव्हे. प्रत्येक जात भरतीच्या ठरावीक उंचीवर जगते. चुकीच्या पातळीवर लावलेले रोप मरते. आणि उघड्या चिखलपट्ट्यावर रोपे लावली, तर रोहित पक्ष्यांचे ताट हिरावले जाते.

७. म्हणून मागण्या साध्या आहेत. खाडीतल्या प्रत्येक मोरीची पावसाळ्याआधी तपासणी व्हावी. राडारोड्याच्या गाड्या रात्रीही अडवल्या जाव्यात. प्रकल्प अहवालात ‘किती झाडे तुटणार’ याबरोबर ‘किती क्षेत्राची भरती अडणार’ हेही लिहिलेले असावे. आणि कोळीवाड्यांचे म्हणणे आराखडा ठरण्याआधी ऐकले जावे, कारण पाणी कुठून शिरते ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मीठ, चिखल आणि लाटा यांच्याशी तिवराने जुळवून घेतले आहे. भरावाशी त्याला कधीच जुळवून घेता येणार नाही. आपले काम एवढेच आहे : पाण्याची वाट मोकळी ठेवणे.